मॅडमची पिशवी

गोंदियात मानसोपचाराच्या दवाखान्यात मी सिस्टर आहे. लोकांना वाटतं, तिथे दिवसभर रडारडच असणार. खरं सांगू? माझ्याकडे किश्शांचा नुसता ढीग साचलाय, आणि बहुतेक सगळे आमच्या डॉक्टर मॅडमच्या एका नियमामुळे.

नियम असा: "घरी जे जे तोंडात जातं, ते सगळं पिशवीत घालून आणा." कारण लोक काढा, चूर्ण यांना औषध समजतच नाहीत. पिशवी पाहिल्याशिवाय मॅडम पेन उघडत नाहीत.

*

नागऱ्याच्या एका आजोबांनी पिशवीतून चूर्ण काढलं, काढा काढला आणि शेवटी स्वतःची कवळी! तपासणीभर बिचारे बोळक्या तोंडाने उत्तरं देत होते. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, घाला ती आता."

"पण तुमचं तपासून झालं का?"

*

दवनीवाड्याची पल्लवी (नाव बदललंय) सोळा वर्षांची. जन्मापासून सिकलसेल, म्हणजे हातपाय ठणकवणारा रक्ताचा आजार, त्यात दोन वर्षांपासून फिटचे झटके. आता चार महिने शाळा बंद, जेवण अर्धं, बोलणं जवळपास नाहीच. डिप्रेशनची गोळी द्यावी लागणार होती, पण कोणती? एक झटकेवाल्यांना चालत नाही, दुसरीचं चालू औषधांशी जमत नाही. मॅडम पिशवीतली एकेक पट्टी बघत होत्या. मला त्या पोरीकडे बघवत नव्हतं.

आई म्हणाली, "शेजारच्या वहिनीले ज्या गोळीनं बरं वाटलं, तेच लिहून द्या ना जी."

"शेजारणीची चप्पल हिच्या पायात बसेल का?"

आईने पल्लवीच्या पायांकडे पाहिलं. "बसते ना जी. तेच तर घालून आली."

पल्लवीचा ओठ जरासा हलला. मी पाहिलं.

*

मग मॅडमनी विचारलं, "हातपाय दुखले की काय घेते?"

"काहीच नाही जी," आई म्हणाली. पल्लवीने हळूच बाबांकडे पाहिलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पिशवी पूर्ण नाही. आज गोळी नाही."

बाबांनी शर्टाच्या खिशातून दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी काढली. किराणा दुकानातली, रोज दोन!

"लपवून कायले ठेवली?" आई भडकली.

"लपवली कुठं? मॅडमनं घरातलं सांगतलं होतं. हे तं माझ्या खिशात राहते."

नव्या गोळीसोबत ही घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, हे मॅडमनी शांतपणे समजावलं. सिकलसेलच्या डॉक्टरांना फोन केला. खिशातली पट्टी बंद, दुखण्यावर दुसरं औषध, आणि मग नवी गोळी अगदी कमी डोसने, आईच्या हातून. दर आठवड्याला दाखवायचं, आणि जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं तर तडक फोन करायचा. सुरुवातीचे काही आठवडे दवाखान्याचा फोन वाजला की मी हातातलं टाकून आधी तो उचलायची.

*

दोन महिन्यांनी पल्लवी स्वतः पिशवी घेऊन आत आली, मागून आईबाबा. तिने टेबलावर सगळ्या पट्ट्या मांडल्या. यादीशी बरोबर जुळल्या.

मग पिशवीच्या तळातून तिने तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या चार पुड्या काढून शेजारी ठेवल्या. बाबांचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"हे कायले आणलं?" आईने विचारलं.

"घरी तोंडात जाते ते सगळं आणा म्हणते ना मॅडम," पल्लवी म्हणाली. "आता बाबाचाही केसपेपर काढा जी."

मॅडमनी पेन उघडलं.