बॅटऱ्यांची पंगत

आमच्या शेतातल्या घरापर्यंत विजेची लाइन काही आली नाही. दोन सोलर प्लेटा आणि एका जुन्या बॅटरीवर दिवे आणि पंखा चालायचा. पुरण वाटायला मात्र मला आर्वीला सुनेकडे जावं लागे, कारण हातानं वाटायला मनगटं आता ऐकत नाहीत. यंदाचा पोळा शेतातच, आपल्या बैलांजवळ करायचा असं मी ठरवलं आणि घरी मिक्सर चालावा म्हणून सोलरवाल्याला बोलावलं.

हा माणूस प्लेटांशी, तारांशी, सगळ्यांशी बोलतो. छतावर नवी प्लेट बसवताना तिला म्हणाला, "सरक ना जरा, बाई," तर खाली शिडी धरून उभी असलेली मीच सरकले! नवी बॅटरी जुनीलाच जोडून टाक म्हटलं, तर त्यानं कानांना हात लावले.

"मावशी, म्हातारं न् जवान एका पंगतीत बसवता का? हे हळू जेवते, थे भसाभसा. दोघायचंही पोट बिघडन."

"मंग म्हाताऱ्याले उपाशी ठेवशीन का रे?"

"काऊन? त्याची पंगत अलग. दिवे-पंखा त्याच्याकडे, मिक्सर नव्याकडे."

पोळ्याच्या सकाळी तो मुद्दाम आला. शिजलेली डाळ भांड्यात घालून मी देवाचं नाव घेतलं आणि बटन दाबलं. मिक्सर असा गरजला म्हणून सांगू! सोलरवाल्यानं लगेच आपल्या बायकोला फोन लावला आणि मोबाइल मिक्सरपाशी धरला.

"ऐकू येऊन राह्यलं का?"

"येऊन राह्यलं!" ती तिकडून ओरडली. "आपल्या घरचा मिक्सर दिवाळीपासून बंद हाये, थो कवा पाहसान?"

त्यानं फोन हळूच खिशात घातला, भांड्यात डोकावला आणि गंभीर तोंड करून म्हणाला, "मावशी, पुरण मस्त बारीक झालं."