गोधड्यांना टेकून

कॉलेजला परतताना एसटीत शेजारची गरोदर बाई बसूनच झोपली होती. मला ताई आठवली. बाळंतपणाला आली तेव्हा ती रचलेल्या गोधड्यांना टेकून झोपायची.

"महाराणी दरबारात बसल्यात!" आई चिडवायची.

"आडवं झालं की दम लागतो गं," ताई हसायची.

पोटुशीला दम लागायचाच, असं आम्हाला वाटलं. एका सकाळी तिला श्वासच पुरेना. हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी साठलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. ताई वाचली, बाळही वाचलं. तेव्हापासून गल्लीत कुणीही गरोदर दिसली की आई एकच गोष्ट विचारते.

बाई जागी झाल्यावर मी संकोचत तेच विचारलं, "ताई, आडवं झोपता येतं ना?"

"येतं की! पण इथं जागा कुठंय?"

मी उठून तिला अख्खी सीट दिली.