छगनच्या दहाव्याचा द्रोण

रंगनाथ पाटकरी वीस वर्षं पुणतांब्याच्या शिवारात कालव्याच्या चारीवर होता. कोणाच्या शेतात केव्हा पाणी सोडायचं, कोणाची पाळी संपली म्हणून दार पाडायचं, हे त्याच्या हातात. काम तसं साधं, पण पाळी थोडी लांबवून हवी असली की कोणीतरी धोतराच्या सोग्यात बाटली लपवून चौकीवर येई. आधी रंगनाथ बाटली घेई आणि पाणी सोडी. पुढे पुढे पाणी सोडो न सोडो, बाटली येतच राहिली. सवय दोन्हीकडची झाली होती.

सोबतीला छगन असे. त्याचा मळा चौकीला लागून, आणि दोघं शाळेतही एकाच दिवशी गेलेले व एकाच दिवशी पळून आलेले. बाटली रंगनाथची, भाजलेले बोंबील छगनचे, अशी वर्षानुवर्षांची वाटणी होती.

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात दोघांचे डोळे पिवळे पडले. काविळीवर झाडपाला झाला, डाग देऊन झाले. मग पोटं फुगायला लागली. शेवटी दोघांना नगरच्या दवाखान्यात नेलं. शेजारशेजारच्या खाटांवर निजवून डॉक्टरांनी पोटात सुई घालून पाणी काढलं. छगन आपल्या पोटावर हात फिरवत म्हणाला, "रंग्या, आपन दोघं एकदमच पोटुशी ऱ्हायलो की रं!" सगळा वॉर्ड हसला. डॉक्टर तेवढे हसले नाहीत.

"लिव्हर दगडासारखं झालंय तुमचं," ते म्हणाले. "आजपासून मीठ बंद आणि दारू बंद. चुकून घेतलीत, तर त्याच दिवशी इथं या आणि खरं सांगा. लपवलंत तर माझ्या हातात काही राहणार नाही."

रंगनाथनं ते ऐकलं. चौकीवर बाटली घेऊन येणाऱ्याला तो लांबूनच हात जोडी. त्याची बायको चांगुणा अळणी भाकरी नि अळणी भाजी करी, आणि एकट्या नवऱ्याला तसलं खायला घालायचं तिच्या जिवावर येई म्हणून स्वतःही तेच खाई. त्याला रात्री हातपाय कापल्यासारखे होत, तोंडाला पाणी सुटे. चांगुणा उठून लोटाभर ताक देई. असे नऊ महिने गेले. पोट उतरलं, डोळ्यांतला पिवळेपणा गेला.

छगनचे मात्र चारच महिने गेले. एकदा तो चौकीवर आला तेव्हा त्याच्या तोंडाला पेरूच्या पाल्याचा वास होता.

"कवळा पाला चावला की बायको तर बायको, डाक्तर बी फसतो," तो डोळे मिचकावून म्हणाला.

रंगनाथ हसला. ही गोष्ट त्यानं कोणालाच सांगितली नाही. पुढे फाल्गुनात छगनला रक्ताची उलटी झाली. गाडी जुंपून होईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून ते हसू रंगनाथला सारखं टोचत होतं.

दहाव्याला सगळे गंगेवर जमले. त्या दुष्काळात गोदावरीचं पात्र म्हणजे नुसती वाळू आणि मधे कुठे कुठे डबकी. भटजींनी पिंड मांडले, आणि मंडळी मागे सरकून कावळ्याची वाट बघत बसली. कावळे तर डझनभर होते, पण एकही खाली उतरेना.

छगनचा थोरला भाऊ भिमाजी हात जोडून पुढे झाला. "छगना, तुझ्या पोरींची लग्नं मी लावून देतो. काळजी सोड."

कावळे हलले नाहीत.

"मळ्याचा बांध रेटणार न्हाई. तुझ्या बायकोला अंतर देणार न्हाई. आता तरी शीव, बाबा."

ऊन चढत चाललं. कोणीतरी म्हणालं, "पाटकऱ्यात जीव आडकला आसंल त्याचा. पाटकरी, तुमी बोला."

रंगनाथ उठला. काय बोलायचं हे त्यानं दहा दिवस मनात घोळवलं होतं. पिंडासमोर गुडघे टेकून तो म्हणाला, "छगन्या, तुझं गुपित मी झाकलं. चुकलं माझं. पर मी पुन्हा थेंबाला शिवनार न्हाई. तुला वचन देतो."

सगळे वर बघत राहिले. एका कावळ्यानं मान वाकडी करून खाली पाहिलं, आणि पंख झटकून तो लांबच्या बाभळीवर जाऊन बसला.

"आरं, ज्याला जे लागतं ते ठिवा की," एक म्हातारा करवादला. "उगं वचनं काय ऐकवता त्याला?"

त्यावर भिमाजीनं पिशवीतून बाटली काढली. म्हणजे तो तयारीनंच आला होता. पळसाचा द्रोण पिंडाशेजारी ठेवून त्यात ती ओतली, आणि बाजूला कागदाच्या पुडीतले दोन बोंबील मांडले. भटजींनी तोंड नदीकडे फिरवलं. म्हणाले, "मी काही पाहिलेलं नाही."

मंडळी मागे सरली न सरली तोच कावळा झडप घालून आला, आणि मग आणखी चार.

"शिवला! शिवला!" बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पुरुष सुटल्यासारखे उठले, अंघोळीला आणि पुढं जेवणाला निघाले. "पाटकरी, तेवढं सांडून टाका सगळं, घरी नेऊ नका कोनी," भिमाजी जाता जाता म्हणाला. त्यानं ही गोष्ट नेमकी कोणाला सांगितली, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. रंगनाथच्याही आलं नाही.

वाळूत तो एकटा उरला. द्रोण उचलून त्यानं डबक्यात ओतला. बाटलीत अजून अर्ध्याहून थोडी कमी दारू उरली होती. आपण वचन दिलं तेव्हा कावळा उडून गेला आणि दारू ठेवली तेव्हा आला. म्हणजे छगन्याला वचन नको होतं. त्याला सोबत हवी होती. डोक्यात हे एवढंच फिरत होतं, आणि बुचाचा वास नाकात शिरला होता. मेलेल्याची इच्छा मोडू नये, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि बाटली तोंडाला लावली.

घशाखाली आग उतरली. पुढचे घोट सोपे गेले.

घराकडे येताना त्याचे पाय आपोआप पेरूच्या झाडाकडे वळले.

चांगुणा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. तो भिंतीला टेकून, जरा लांबच बसला.

"शिवला का कावळा?"

"शिवला."

"लौकर?"

"न्हाई. लई येळ लावला. मी वचन दिलं तरी शिवंना. मग भिमाजीनं दारू ठिवली, तवा आला."

"दारू प्याला कावळा?" चांगुणाचा हात थांबला. "आन् तिथं दुसरं काय हुतं?"

"बोंबील हुते दोन."

"मग?"

रंगनाथनं आठवून पाहिलं. बोंबील कुठे होते? पुडीचा कागद तेवढा वाळूत पडलेला होता. आणि द्रोण? द्रोण त्यानंच उचलला होता, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून.

"द्रोन काठोकाठ भरलेला हुता," तो हळूच म्हणाला. "मीच ओतला गंगंत."

दुष्काळातले उपाशी कावळे. त्यांना मेल्याशी काय आणि वचनाशी काय. चांगुणानं भाकरी तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं. आता गप्प राहिलं तर हा दिवस असाच निघून जाईल, हे त्याला कळत होतं. छगनचे किती दिवस असेच गेले असतील.

"चांगुणा, बाटलीतलं उरलेलं म्या पेलं."

तिनं भाकरी उलटायची सोडून त्याच्याकडं पाहिलं. भाकरीची कड करपायला लागली.

"तुमी दारातून आत आला तवाच कळलं," ती म्हणाली. "छगनभावजींच्या तोंडाला पाच महिने ह्योच वास हुता. पेरूचा. मी निस्ती बघत हुते, सांगता का न्हाई ते."

मग तिनं आढ्याला खोचलेली पिशवी काढली. तीत दवाखान्याचे कागद होते. ते तिनं त्याच्यासमोर ठेवले.

"नगरच्या गाडीला अजून येळ हाय. चार घास खावा आन् निघू. डाक्तरला तुमीच सांगायचं. मी सांगनार न्हाई."

त्यानं मान डोलावली आणि भाकरीचा तुकडा मोडला. उद्या चौकीवर पुन्हा कोणीतरी धोतराचा सोगा धरून येईल, आणि आपल्याला अजून हवी आहे, अगदी या क्षणीसुद्धा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेही डॉक्टरला सांगायचं का, असं त्यानं विचारलं.

"ते तर आधी सांगायचं," चांगुणा म्हणाली, आणि करपलेली भाकरी तिनं आपल्या ताटात घेतली.