नेव्हिलची साखर

नेव्हिलने त्या बाटल्यांत साखर घातली असेल का, हा प्रश्न जेवण झाल्यापासून माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला आहे. घरातले सगळे झोपले आहेत. मी स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे, कारण हात लिहिण्यात गुंतले की फोनकडे जात नाहीत.

नेव्हिल आमचा शेजारी. आमच्या बलक्लूथा गावातल्या निम्म्या लोकांना त्याने शाळेच्या बसमधून नेलं-आणलं आहे आणि उरलेल्या निम्म्यांना घरी बनवलेली बिअर पाजली आहे. बरेच जण दोन्हींत मोडतात, अर्थात मधे काही वर्षांचं सभ्य अंतर ठेवून. कुणाकडे बाळ झालं, नेव्हिलची बाटली दारात. कुणाची आई गेली, बाटली दारात. मांजर हरवलं तरी बाटली, आणि मांजर सापडलं तर आणखी एक. चिठ्ठी नाही, बेल नाही. सकाळी दार उघडावं तर पायपुसण्यावर तपकिरी बाटली उभी. आमची लेक ब्रॉनी गाडी चालवण्याच्या परीक्षेत नापास झाली तेव्हा बाटलीत आल्याचं फसफसतं सरबत होतं. ती तेव्हा बिअर पिण्याच्या वयाची नव्हती, आणि अशा बाबतीत नेव्हिल फार काटेकोर आहे.

त्याची जुनी पद्धत सगळ्या गावाची होती. बिअर बाटलीत भरायची, वर चमचाभर साखर, झाकण ठोकायचं आणि बाटल्या आठवडाभर गरम कपाटात ठेवायच्या. आमच्याकडे गरम पाण्याची टाकी ज्या कपाटात असते तिथेच फळ्यांवर टॉवेल असतात, चादरी असतात आणि बिअर असते. उबेत यीस्ट साखर खातं आणि बाटलीत गॅस तयार होतो. एकदा नेव्हिलचा साखरेचा हात सैल सुटला आणि कपाटातल्या बाटल्या फुटल्या. त्याची बायको नोएलीन हिच्या टॉवेलांना पूर्ण हिवाळा गुत्त्याचा वास येत होता. ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची. त्या कपाटाच्या दारात काच घुसल्याची खाच अजून आहे.

मग वाढदिवसाला मुलाने त्याला स्टीलचं पिंप आणून दिलं, गॅसच्या सिलिंडरसकट.

"बाबा, आता बाटल्या धुवायला नकोत. साखरही नको. गॅस सिलिंडरमधूनच भरला जातो. नळ सोडायचा आणि प्यायचं."

नेव्हिलने आभार मानले आणि तोंड पाडून बसला. मला म्हणाला, "पिंप कुणाच्या पायपुसण्यावर ठेवू, सांग."

म्हणून तो आता पिंपातून बाटल्या भरतो. नोएलीन म्हणते, "लोक घोडा सोडून गाडी घेतात. आमच्या ध्यानाने गाडी घेतली आणि तिला घोडा जुंपला."

गेल्या रविवारी त्याने ब्रॉनीसाठी खोकंभर बाटल्या भरायला घेतल्या. ब्रॉनी डनेडिनला शिकते. मैत्रिणींबरोबर नवीन घर घेतलंय भाड्याने, शनिवारी तिथे पार्टी आहे. मी गॅरेजमध्ये बाटल्या धरायला गेले. पहिल्याच बाटलीला फेस उसळून छताला लागला आणि छतावरून नेव्हिलच्या टकलावर उतरला.

"गॅस कमी कर," मी म्हटलं.

"पोरी, मी भरलेली बस ब्रेकशिवाय टेकडीवरून उतरवलीय."

"म्हणूनच म्हणतेय. मी होते त्या बसमध्ये."

इतक्यात नोएलीन दारात उभी. "माझे वाटाणे कुठायत?"

वाटाणे गवत कापायच्या यंत्रावर वितळत पडले होते. त्यांच्या जागी फ्रीजरमध्ये बाटल्या होत्या.

"थंड बाटलीत फेस कमी होतो," नेव्हिल म्हणाला.

"आणि गरम झालेल्या वाटाण्यांचं काय होतं?"

"सूप."

गॅस कमी केल्यावर मात्र काम छान चाललं. नळी बाटलीच्या तळापर्यंत, बिअर गुपचूप वर चढते, गळ्याशी फेस आला की नळी काढायची आणि फेसावरच झाकण दाबायचं. मी वाटाणे घेऊन आत गेले. नोएलीनने चहा दिला आणि नेव्हिलच्या डायबेटिसचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी साखर बंद केलीय, तिने घरातला कणन् कण फेकून दिलाय.

परत आले तर सगळ्या बाटल्यांना झाकणं लागली होती. शेजारी नेव्हिलचा चहाचा कप आणि 'खिळे' लिहिलेला उघडा डबा. डब्यात पांढरी साखर, साखरेत चमचा. नेव्हिलने कोपराने झाकण लावलं.

"खिळे," तो म्हणाला.

"दिसले," मी म्हणाले. चोरून चहा गोड करत असेल, असं वाटलं. शेजाऱ्याने अशा चहाड्या करायच्या नसतात. संध्याकाळी ब्रॉनी येऊन खोकं घेऊन गेली.

आज जेवताना तिचा मेसेज आला. 'नेव्ह म्हणाला तसं बाटल्या गरम कपाटात ठेवल्यात. टॉवेलांच्या खाली.'

माझा घास तोंडातच राहिला. पिंपातल्या बिअरमध्ये गॅस आधीच असतो. तिला ऊब कशाला हवी? गरम कपाट लागतं ते साखर घातलेल्या बाटल्यांना. आणि गॅस भरलेल्या बिअरमध्ये वर साखर पडली असेल, तर ते कपाट उघडायला जी मुलगी जाईल तिच्या तोंडासमोर काय होईल, ते मला लिहवत नाही.

नेव्हिलला विचारावं, तर त्यांचा फोन नोएलीनच्या उशाशी. 'साखर घातलीस का?' म्हटलं की ती विचारणार, कुठली साखर? चहात घातली असेल तरी डबा गेला, बिअरमध्ये घातली असेल तरी गेला. शिवाय त्याचा मुलगा हल्ली मला हळूच विचारतो, "बाबा विसरतात का हो?" हे त्याच्या कानावर गेलं तर पिंप परत जाईल, गॅरेजला कुलूप लागेल आणि गावातली पायपुसणी रिकामी राहतील. चाळीस वर्षांची सवय हाताला, एकदा गेला असेल चमचा बाटलीत. मीसुद्धा अजून मोबाइल कानाला लावण्याआधी त्याची वायर सोडवायला जाते.

ब्रॉनीला फोन करावा, तर तिने मला बजावलंय. हीटरवरून, दाराच्या कडीवरून, शिळ्या शिंपल्यांवरून मी इतके फोन केले की शेवटी ती म्हणाली, "आई, रात्री फोन करायचा तो काहीतरी खरंच पेटत असेल किंवा फुटत असेल तरच."

आता फुटतच असेल तर मी तरी काय करू?

जाड कोट घाल म्हणेन. चष्मा लाव, हातमोजे घाल, बाटल्या टॉवेलात गुंडाळून हळूच बाहेर थंडीत ठेव आणि उघडू नकोस. ती विचारेल, तुला कुणी सांगितलं, नेव्हने काही गडबड केली का? मी म्हणेन, छे, नेव्हिल कसली गडबड करतोय, मलाच आपली काळजी वाटली. यावर ती क्षणभरही शंका घेणार नाही. इतक्या वर्षांत कमावलेलं माझं नाव एकदा तरी कुणाच्या कामी येऊ दे.

डब्याचं मी उद्या कुंपणावरून नेव्हिलशी बोलेन, नोएलीन दुकानात गेली की.

आधी ब्रॉनीला फोन लावते.