वालाच्या शेतातले फरारी

ती घटना आज आठवली की मला हसू येते. तेव्हा मात्र आमच्या ठाण्यात कुणी हसत नव्हते. पेण-रोहा पट्ट्यात मी सहायक पोलीस निरीक्षक म्हणून काही वर्षे काढली. घरफोड्या, अपघात, जमिनीच्या मारामाऱ्या सगळे पाहिले. पण लोक माझ्यावर सर्वांत जास्त ओरडले ते कुत्र्यांवरून. आता स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही. नावे मात्र घेणार नाही, ना माणसांची, ना त्या नगरपालिकेचे.

त्या नगरपालिकेने भटक्या कुत्र्यांसाठी वस्तीबाहेर निवारा केंद्र काढले होते. निवारा फक्त पाटीवर होता. आत दुपारी तापणारी पत्र्याची शेड, पाण्याची एक टाकी आणि पावसाळ्यात पडलेली मागची भिंत. भिंतीच्या जागी दोन पत्रे तारेने बांधले होते, कारण टेंडर निघायचे होते. सांभाळायला एकच कंत्राटी माणूस. झाडायचे त्याने, भात शिजवायचा त्याने, जखमांना हळद आणि मलमही त्यानेच लावायचे.

एक दिवस गावातल्या निवृत्त शिक्षिका चार जणांना घेऊन ठाण्यात आल्या. अर्धे गाव त्यांच्या हाताखाली शिकलेले, त्यामुळे आमचे हवालदार त्यांना पाहताच उभे राहिले.

"बस रे," बाई त्यांना म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मॅडम, केंद्रातली कुत्री नाहीशी होताहेत. तो माणूस त्यांना मारून खाडीत टाकतो. जी उरलीत त्यांना पाणी नाही, सावली नाही. गुन्हा दाखल करा. नाहीतर सोमवारी आम्ही केंद्राला टाळे ठोकणार."

"मारताना कुणी पाहिलंय?"

"पाहायला कशाला हवं? कुत्री कुठे आहेत ते त्याने सांगावं."

प्रश्न रास्त होता. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि त्या माणसाला बोलावून घेतले. गुन्हा दाखल झाला असता तर त्याचे काम त्याच दिवशी गेले असते. वर कुत्रे मारणारा हे नाव जन्मभर चिकटले असते. हे त्याला कळत होते. घाम पुसत तो खुर्चीच्या कडेवर बसला.

चौकशीत खोटे बोलणारा माणूस सहसा भराभरा बोलतो. हा बोलेचना.

"कुत्री कमी झाली, खरं की खोटं?"

"खरं."

"मग कळवलं का नाहीस?"

त्याने कपाळ पुसले. "मॅडम, तुम्हाला खोटं वाटंल. जातात ती. पन त्यातली काही परत येतात."

"परत येतात? कुठून?"

"ते आता त्यांना कसं इचारू?"

हवालदार हसले. मी त्यांच्याकडे पाहिल्यावर थांबले.

"आनि येतात ती जाडी होऊन येतात," तो खाली मान घालून म्हणाला. "माझ्या भातावर जाडी व्हायची नायत. हे सायबांना सांगितलं असतं तर मला येड्यात काढला असता."

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत चोराने माल खाऊपिऊ घालून परत आणून ठेवल्याचे ऐकले नव्हते. पण असली थाप मारायला जी कल्पनाशक्ती लागते, ती या माणसाकडे दिसत नव्हती. जबाबावर सही घेऊन त्याला सोडले.

दुसऱ्या दिवशी खबर आली. रामवाडीला हायवेलगत चहाची टपरी चालवणारा एक जण अधूनमधून मला फोन करायचा. बहुतेक वेळा फालतू काहीतरी असायचे.

"मॅडम, बाजारच्या दिवशी भाजीचा टेम्पो थांबतो ना माझ्याकडं, त्यात कुत्रा असतो. रिकाम्या पाट्यांत बसून जातो, माणसासारखा."

"मग त्यात काय?"

"मागल्या महिन्यात काळा गेला. या बाजाराला येताना तांबडा आला आनि जाताना दुसराच गेला. मला वाटलं, एवढी येजा तर आमचा जावई पन करत नाय."

मी तडक केंद्रावर गेले. तांबडा कुत्रा होता. सांभाळणाऱ्याने त्याला धरले आणि मी त्याला खालपासून वरपर्यंत तपासले. मानेभोवती केस घासून गेले होते, आणि पुढच्या दोन्ही पायांना नळीवर खरचटले होते. दोन्ही खुणा एकत्र पाहिल्या आणि मला माहेरची गुरे आठवली. पळणाऱ्या जनावराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, लोढणे. धावायला गेले की ते पायांवर आपटते. कुत्र्याला छोटे लोढणे बांधणारा माणूस शेतकरीच असणार. भात कापून झाले होते, शेतात वालाला शेंगा धरत होत्या, आणि वालावर रानडुकरे येतात हे इकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते.

टेम्पोवाल्याने पहिल्याच दरडावणीत गाव सांगितले. गागोद्याच्या बाजूचे, डोंगराच्या पायथ्याचे. मी साध्या साडीत गेले, हवालदारांना सोबत घेऊन. बांधावरून पाहिले तर वालाच्या शेतांतून आमचे फरारी पसरलेले. एक काळा कुत्रा आमच्यावर असा धावून आला की हवालदार बांध उतरून खाली गेले.

शेतात एक म्हातारी शेंगा खुडत होती.

"आजी, कुत्री कुणाची?"

"शेताची."

"शेताची म्हणजे?"

"जो राखंल त्याची. तू कोन गो बाय?"

"मी पोलीस."

तिने मला नीट न्याहाळले. "बरी आलीस. आधी डुकराला धर. रोज चोरी करतंय. ये, पाय उठलेत त्याचे, पुरावा दाखवते."

खरोखरच दाखवला. अर्धा पट्टा उकरून टाकलेला. पंचनामा करायला बसावे इतका स्वच्छ पुरावा होता.

"आजी, ही कुत्री सरकारी केंद्रातून चोरून आणलीत तुम्ही."

"चोरून?" तिने खुडलेल्या शेंगा पाटीत आपटल्या. "आधी मागाया गेलते मी. हापिसात. त्यानं कागद दिला. फोटो आन, आधारकार्ड आन, आनि म्हनतो, घराला कंपाउंड हाय का? आता मला सांग, कुंपन असतं तर मी कुत्रा कशाला मागितला असता?"

मी हवालदारांकडे पाहिले. ते काळ्या कुत्र्याकडे पाहत होते.

"मग पत्रा सरकवला. आत ती उन्हात जिभा काढून पडलेली. एकेक आनला. राखनदार जेवाया जातो तवा."

"आणि परत का नेऊन सोडलीत?"

"जी कामाची नाय ती ठेवून काय करू? तो तांबडाच घे. डुक्कर आलं तर हा माझ्या आधी राखनीच्या माळ्यावर चढला! दिवसभर नुसता तोंडाकडं बघत बसतो, बिस्कुट दे म्हनून. त्याला परत धाडला, दुसरा आनला. आमी चोर नाय गो. बदलून आनतो."

कुठले कलम लावावे या विचारात मी बांधावर बसले आणि तिने दिलेल्या कोवळ्या शेंगा खाल्ल्या. मग तिला सांगितले, सोमवारी सगळी कुत्री टेम्पोत घालून केंद्रावर आणायची. एकही कमी आले तर गाठ माझ्याशी आहे.

सोमवारी केंद्राच्या दारात बरीच गर्दी होती. बाईंच्या हातात भले मोठे कुलूप होते. सांभाळणारा भिंतीला टेकून उभा होता, आणि कुणी त्याच्या जवळ उभे राहत नव्हते. टेम्पो आला, पुढच्या सीटवर म्हातारी बसलेली. मागचा फळका उघडायच्या आधी मी सहा-सात पुरुषांना एका रांगेत उभे केले. त्यात आमचे हवालदार, आंदोलनातले दोघे, टेम्पोवाला, आणि मध्ये तो.

"हे काय चालवलंय, मॅडम?" बाईंनी विचारले.

"ओळखपरेड. याने कुत्र्यांना मारलंय असं तुमचं म्हणणं आहे ना? साक्षीदार आणलेत."

फळका पडला. कुत्री खाली उतरली, जमीन हुंगली आणि रांगेकडे धावली. हवालदार ताठ झाले. पण त्यांना कुणी विचारले नाही. सगळीच्या सगळी त्या एकाच माणसाच्या अंगावर चढली. शेपट्या, जिभा, चिखलाचे पाय. तो खाली बसला, आणि प्रत्येकाला नावाने हाक मारता मारता रडूही लागला. काळ्याला तर म्हणाला, "अरे, केवढा झालास!" मार खाल्लेले कुत्रे मारणाऱ्याशी असे वागत नाही. हे सांगायला पोलीस लागत नाही.

बाईंनी कुलूप पिशवीत टाकले. त्या पुढे गेल्या आणि सर्वांसमोर त्या माणसाला म्हणाल्या, "चुकले मी." असे म्हणायला किती लोकांना जमते, ते मी ठाण्यात रोज पाहत होते.

प्रकरण इथे मिटले असते. पण मग कुत्र्यांनीच दुसरा जबाब दिला. सांभाळणाऱ्याने शेडचे दार उघडले, भाताचे भांडे वाजवले. कुत्र्यांनी शेडकडे पाहिले, त्याचा हात चाटला, आणि एकामागून एक परत टेम्पोत जाऊन बसली. काळा सर्वांत आधी.

"चला," म्हातारी म्हणाली, "डुकरं वाट बघतात."

लोक हसले. केंद्र पाहायला आलेले नगरपालिकेचे साहेब हसले नाहीत. बाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "आता पाण्याचं आणि सावलीचं बोलू."

मी अहवालात दोन्ही गोष्टी लिहिल्या. मारल्याचा आरोप निराधार. निगेबद्दलच्या तक्रारी खऱ्या. भिंत झाली, शेडवर गवताचे छप्पर आले, आणखी एक माणूस मिळाला, अर्जातली कंपाउंडची अट गेली. म्हातारीच्या गावातल्या कुत्र्यांना गुरांच्या डॉक्टरांनी शेतातच लस टोचली. चोरीचा गुन्हा दाखल करायला कुणी तक्रारदारच पुढे आला नाही, आणि मीही शोधला नाही.

तोवर माझी समजूत अशी होती की तक्रार खरी ठरली तर समोरचा माणूस दोषी, आणि तो निर्दोष ठरला तर तक्रार खोटी. त्या केंद्रात माणूस चांगला होता आणि जागा वाईट होती. लोक ओरडतात तेव्हा त्यांना काहीतरी दिसलेले असते. कुणाकडे बोट दाखवायचे एवढेच कधी कधी चुकते. तक्रार खरी का आणि दोष कुणाचा, हे दोन प्रश्न पुढच्या प्रत्येक तपासात मी वेगळे ठेवले.

त्या सोमवारी केंद्रातला तांबडा तेवढा टेम्पोत चढला नाही. तो सांभाळणाऱ्याच्या पायाशी बसून त्याच्या खिशाकडे बघत राहिला. खिशात बिस्किटाचा पुडा होता.