लिंबाखालची गाडी

तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवून मी निवृत्त झाले आणि त्याच वर्षी एक परदेशी बनावटीची, आखूड पण उंच गाडी घेतली. जुनीच होती. संभाजीनगरच्या एका डॉक्टरांनी आठ वर्षं वापरून विकायला काढलेली. नवी घ्यायची म्हटली असती तर चिखलीचं घर विकावं लागलं असतं. एखादी साधी गाडी का नाही घेतली, असं लोक अजून विचारतात. उत्तर सोपं आहे, मला ती आवडली. चामड्याच्या सीट, डोक्यावर सरकणारं काचेचं छत आणि गुडघे न दुमडता आत बसायची सोय. सत्तावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकलेल्या बाईनं आवड सांगायला लाजायचं कशाला?

आवडीइतकीच गरजही होती. माझी आई सुलतानपूरला एकटी राहते. एसटीनं जायचं तर मेहकरला गाडी बदला, नाहीतर पुतण्याला फोन करा. तो बिचारा ‘हाव काकू, पायतो’ म्हणायचा आणि त्याचं पाहणं दिवाळीपर्यंत चालायचं. गाडी आली तशी मी दर रविवारी सकाळी आठला निघायला लागले.

आमच्या ह्यांना ती पहिल्या दिवसापासून पटली नाही. तहसीलमधून निवृत्त झालेला माणूस. कागद आणि वस्तू उलटून पाहिल्याशिवाय सही करत नाही. त्यांनी आधी डिक्की उघडली, खालचा गालिचा वर केला आणि मला हाक मारली.

“स्टेपनी कुठी हाये?”

“या गाडीला नसते. पंक्चर झालं तरी टायर थोडं अंतर चालतं.”

“एवढ्या पैशाची गाडी अन् स्टेपनी नाई? माह्या स्कूटरले होती!”

पुढं गाडीनं त्यांना भरपूर दारूगोळा पुरवला. दोन महिन्यांत मेहकरच्या अलीकडे इंजिन तापलं. थर्मोस्टॅटची पेटी प्लास्टिकची, ती तडकून कूलंट गळून गेलेलं. पेटी आणि वॉटर पंप मिळून अडतीस हजार. मग बॅटरी गेली. दुकानातून बॅटरी आणून बसवली की झालं, असं मला वाटत होतं. पण नवी बॅटरी बसवल्यावर ती गाडीच्या कॉम्प्युटरला कळवावी लागते म्हणे. चोवीस हजार. मग अमडापूरच्या रस्त्यावर टायरची बाजू फाटली, आणि ते थोडं अंतरसुद्धा चाललं नाही. त्या मापाचं टायर अख्ख्या जिल्ह्यात मिळेना. बावीस हजारांचं टायर दोन दिवसांनी ट्रॅव्हल्सच्या टपावरून आलं. मधल्या काळात गाडी एका ओळखीच्यांच्या खळ्यात उभी होती आणि गावातली माणसं येऊन तिची चौकशी करून जात होती.

हे सगळे आकडे ह्यांना तोंडपाठ झाले. माझ्या विद्यार्थ्यांना पाढे इतके पाठ नव्हते. घरी कुणीही आलं की चहा येईपर्यंत हे वॉटर पंपापर्यंत पोचलेले असत आणि कप खाली ठेवेपर्यंत टायर आलेलं असे. शेवटी वैतागून मीच म्हटलं, “ठीक आहे. एका वेळी लाखाच्या वर खर्च निघाला तर विकून टाकू.” मला वाटलं, एवढा निघणारच नाही.

एक मात्र सांगायला हवं. चैत्रातलं ऊन तापायला लागलं तसे हेच म्हणाले, “उन्हात काऊन उभी करते? रंग उडते ना तिचा.” स्वतः उभं राहून समोरच्या कडुलिंबाखालची जागा झाडली, शेजाऱ्यांच्या मोटरसायकली हलवायला लावल्या आणि गाडीला कायमची सावली मिळवून दिली. नावडतीची एवढी बडदास्त मी दुसरीकडे पाहिली नाही.

वैशाखात धाकट्या दिराकडचं लग्न होतं. जाण्याआधी ह्यांनी नळी लावून गाडी छतापासून चाकांपर्यंत धुतली. मी पैठणी नेसलेली, हे कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. चौकात एसटी आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि छतातल्या दिव्याजवळून गढूळ पाण्याची धार थेट ह्यांच्या डोक्यावर आली.

“बाप्पा! हे काय?” हे ओरडले. मी हसायला लागले तोवर समोर एकेक करत सगळे इशाऱ्याचे दिवे पेटले, वायपर आपोआप सुरू झाले आणि गाडी जी थांबली ती हललीच नाही. लग्नाला आम्ही रिक्षानं गेलो. माझं हसू वाटेतच विरलं होतं.

गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून संभाजीनगरला गेली. तिथल्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं की सीटखालच्या इलेक्ट्रॉनिक डब्यात पाणी शिरलंय, तो डबा, वायरिंग आणि गालिचे बदलावे लागतील. एक लाख पंच्याऐंशी हजार. मी त्यांच्या मऊ सोफ्यावर बसून रडले. एसी चालू होता, कॉफी फुकट होती आणि मी पदरानं डोळे पुसत होते. निवृत्तीच्या पैशातलं माझ्या वाट्याचं सगळं त्या गाडीत गेलं होतं. ती गेली की दुसरी येणार नव्हती आणि माझे रविवार पुन्हा पुतण्याच्या हातात जाणार होते. पण बोललेली मीच होते.

गाडी तशीच उचलून परत आणली. ह्यांनी ओळखीतून धाड गावाकडचे एक बागायतदार शोधले. शनिवारी ते बघायला येणार, असं ठरलं. निदान चालू तरी व्हावी म्हणून मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यांचं काम मुख्यतः ट्रॅक्टर आणि थ्रेशरच्या वायरिंगचं. चपला बाहेर काढून ते गाडीत बसले, छताकडे पाहिलं आणि विचारलं, “म्याडम, गाडी उभी कुठी राह्यते?”

“लिंबाखाली.”

ते हसले. काचेचं छत सरकवलं, कोपऱ्यातलं बारीक भोक दाखवलं आणि स्कूटरच्या क्लचची तार त्यात घातली. “छतावरचं पाणी इथून खाली जात असते.” तारेबरोबर लिंबाच्या फुलांचा काळा चोथा बाहेर आला. चारही भोकं तशीच बुजलेली. “डबा जयला नाई, नुसता वला हाये,” म्हणून त्यांनी तो उघडला, ब्रशनं साफ केला आणि दोन दिवस उन्हात वाळवला. गालिचे आमच्या गच्चीवर वाळले. शुक्रवारी दुपारी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मजुरी बावीसशे रुपये.

लिंबाचा आग्रह कुणाचा होता, नळी कुणी लावली, हे ह्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. चेहरा अगदी उतरला होता. अशी संधी जन्मात एकदाच येते, मी काय सोडते! “रंग वाचला पण,” मी म्हटलं.

मग मी हळूच म्हटलं, आता नाही विकायची. हे म्हणाले, “त्याले शब्द देला हाये. माणूस उद्या येऊन राह्यला.” शब्दाला पक्के म्हणून ह्यांना सारी तहसील ओळखायची.

बागायतदार आले. गाडी त्यांना बघताक्षणी आवडली. छत उघडून पाहिलं, चक्कर मारून आले आणि आम्ही मनात धरला होता त्याहून जास्त भाव बोलले. मी चहा ओतला.

तेवढ्यात हे म्हणाले, “स्टेपनी नाई हो हिले.”

“चालते,” पाहुणे म्हणाले.

“थर्मोस्टॅट प्लास्टिकचा. फुटला की अडतीस हजार. बॅटरी चोवीस. टायर बावीस, अन् तेबी जिल्ह्यात भेटत नाई. आपल्या रस्त्यानं चाकाचे रबरी बुश दर साली जातात. अन् छत गयते. माह्याच डोक्यावर गयलं.”

पाहुण्यांनी कप खाली ठेवला. “सायेब, तुम्ही गाडी इकून राह्यले का मले भेव दाखवून राह्यले?”

“खरं ते सांगून राह्यलो. नंतर तुम्ही म्हणसान, फसवलं.”

पाहुणे गाडीकडे बघून हसले. “मंग राहू द्या,” म्हणाले, उरलेला चहा संपवला आणि गेले. शब्द मोडला नाही आणि गाडीही गेली नाही.

मी विचारलं, “असं का केलंत?”

हे पायातल्या चपलेकडे पाहत म्हणाले, “आधी तुले सुलतानपूरले जायचं असलं का तू माह्यासमोर इचाराले येऊन उभी राहे. मी पेपर खाली ठेवे तोवर तू बोले नाई. एवढी वर्षं मले ते दिसलंच नाई. गाडी आली अन् तू उभी राहणं बंद झालं, तवा दिसलं.”

कपबशा उचलून मी आत गेले आणि नळाखाली उगाचच दोनदा धुतल्या. मग आईला फोन लावला आणि उद्या येते म्हणून सांगितलं.