वाढपिणीचा उपाशी पिंजरा

आमच्या खाऱ्या तळ्यावर तिला सगळे वाढपीण म्हणतात. नवरा गेल्यापासून तळ्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यातल्या माशांना ती एकटीच खाद्य घालते, आणि घालते म्हणजे काय, घरी आलेल्या पाहुण्याला वाढावं तसं. होडी टेकवायची, मूठ भरायची, "घ्या रे, लाजू नका."

मासे पाण्यावर येऊन आ वासू लागले की तळ्यावरच्या प्रत्येकाला एकच सुचतं: भुकेलेत. मग आणखी चार मुठी. अरे, भूक कसली, श्वास कोंडलाय त्यांचा! समुद्राकडचं तळ्याचं तोंड वाळूनं बुजलंय, पाणी हलत नाही. उरलेलं खाद्य आणि माशांची घाण तळाशी साचते, त्या खतावर शेवाळ माजतं, मरतं, कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. वल्हं तळाला लागलं की सडक्या अंड्यांचा वास येतो. हे कळायला पदवी नाही, नाक लागतं.

या खेपेचे मासे विकले गेले नाहीत तर तिला घराला कुलूप लावून मुलाच्या एका खोलीत जावं लागणार होतं. "तिथं मी दाराची कडी. आले-गेले हलवणार," ती म्हणायची.

वारा पडला, पाणी हिरवं दाट झालं. मी काठावरून ओरडलो, "मावशी, वारा सुटेपर्यंत एक दाणा टाकायचा नाही!"

"आणि वाळले तर? काट्यांना गिऱ्हाईक तू आणणार?"

"मेल्यावर तरी कोण घेणारेय?"

तिनं पोत्याचं तोंड बांधलं. तरी रोज होडी काढायची, रिकामे हात पाण्यात बुडवून परत यायची. शेजारचा पिंजरा तिच्या दिराचा. तो तिला दाखवून दाखवून टोपली रिकामी करायचा. "काय वहिनी, माशांना उपास? पुण्य तुम्हाला की त्यांना?"

खाद्य थांबवा म्हणून मी एकेका पिंजरेवाल्याला हात जोडले, मग शिव्या घातल्या. "आधी तळ्याचं तोंड उघडून दाखव," म्हणाले. त्यासाठी कचेरीत चपला झिजवल्यात मी. वाळू जिथल्या तिथं आहे.

एका सकाळी तळं पांढरं दिसलं. सगळ्यांचे मासे पोटं वर करून. तिचेही. जाळी माशांना अडवते, पाण्याला नाही. शेजाऱ्यानं कुजवलेलं पाणी काय विचारून आत येतं?

दिराचाही पिंजरा पांढरा. तरी बोललाच, "माझे निदान पोटभर खाऊन गेले, वहिनी. तुमचे उपाशी गेले."

तोवर ताठ उभी असलेली बाई होडीत मटकन बसली.

"तुझ्या पोटभरानंच मेले सगळे!" मी त्याच्या अंगावर धावून गेलो. माझं चुकलं नव्हतं. आजही म्हणतो, नव्हतं. पण ती माझ्याकडे बघेना.

दुपारपर्यंत तिनं मेलेले मासे पाट्या भरभरून काठावर आणले, खड्ड्यात लोटले. मग घरातून ते बांधलेलं पोतं आणलं, रिकाम्या पिंजऱ्याला होडी लावली आणि मूठमूठ वाढू लागली. "घ्या रे." खाद्याच्या गोळ्या बुडत गेल्या, तळच्या कुजक्यात भर घालायला. मी तिला अडवायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

पोतं संपल्यावर तिनं ते झटकून त्याची नीट घडी घातली. दुसऱ्या दिवशी मुलगा न्यायला आला.